ना शिकाऊ, ना सहीवाला

सीएच्या ऑफिसातली चार माणसं एकत्र जमली की धंद्यातला सर्वांत अवघड काळ कोणता यावर वाद निघतोच, आणि प्रत्येक जण आपण सध्या ज्या पायरीवर उभे आहोत तीच सगळ्यांत निसरडी असं शपथेवर सांगतो. आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी करणारी पोरं, म्हणतात, आमच्यासारखे हाल कुणाचे नाहीत. नुकताच पास झालेला म्हणतो, परीक्षा परवडली, तिला निदान अभ्यासक्रम होता. भागीदार मंडळी काहीच बोलत नाहीत. मोबाईलवर आयकराच्या पोर्टलचं चक्र गरगरत असतं, त्याकडे बघत ते नुसता सुस्कारा टाकतात. तो सुस्कारा तीस वर्षांच्या अनुभवाचा असल्यामुळे त्या दिवशीचा वाद तेच जिंकतात.

माझं मत या तिघांशीही जुळत नाही. ते बनलं केशोरीकडे, धानाच्या गोदामात, मे महिन्याच्या भर दुपारी. त्या जागी आणि त्या वेळी बनलेलं मत सहसा बदलत नाही.

केशोरी म्हणजे गोंदिया जिल्ह्याचा अगदी खालचा कोपरा. तालुका अर्जुनी मोरगाव. आणखी पुढे सरकलात की गडचिरोली जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख भंडाऱ्यात मोडायचा. त्यामुळे जुन्या दप्तरांवर भंडारा जिल्हा लिहिलेलं सापडतं आणि नव्या आर्टिकलला वाटतं, आपण भलत्याच जिल्ह्याची फाईल उघडली. जवळच गाढवी नदीवर इटियाडोहचं धरण आहे, त्याच्या पाण्यावर उन्हाळी धान निघतं. जंगलात मोहफूल आहे, तेंदूपत्ता आहे. आणि मिरची आहे. केशोरी भागातली लाल मिरची नावाजलेली. उन्हाळ्यात ती अंगणात वाळत पडलेली असते, आणि नागपूरहून साकोली, नवेगावबांध, अर्जुनी करत आलेला ऑडिटवाला रोजकीर्द उघडून पहिलं व्हाउचर तपासायच्या आत सहा वेळा शिंकतो. संस्थेचे सचिव त्याला पाणी देतात. ऑडिटची सुरुवात अशी माणुसकीने होते.

इतक्या लांब ऑडिटवाल्याचं काय काम, असं शहरातल्या माणसाला वाटू शकतं. पण आपल्याकडे जिथे एसटी पोचली तिथे सहकारी संस्था पोचली, आणि जिथे संस्था पोचली तिथे कलम ८१ पोचलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं हे कलम सांगतं की प्रत्येक संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासून घ्यायचे. वर्ष संपतं ३१ मार्चला. पुढच्या चार महिन्यांत लेखापरीक्षण उरकायचं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभेपुढे ठेवायचं. तपासणारा शासनाच्या नामतालिकेवरचा हवा. तो सीए असेल, नाही तर जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा झालेला प्रमाणित लेखापरीक्षक असेल. ही दुसरी मंडळी फार चिवट. तालुक्यातल्या प्रत्येक संस्थेचं कपाट कुठल्या बाजूने उघडतं हेही त्यांना ठाऊक असतं. माझं आजोळ अर्जुनीकडचं. त्या एका कारणावरून आमच्या नागपूरच्या ऑफिसात तिकडची प्रत्येक फाईल माझ्या टेबलावर यायची. कोल्हापूरकडे आजोळ असतं तर साखर कारखाने मिळाले असते, पण आजोळ निवडता येत नाही.

तेव्हा मी ऑफिसात ‘सिनियर’ होतो. या शब्दावर जाऊ नका, त्यात ज्येष्ठपणा काही नाही. आर्टिकलशिप संपलेली, परीक्षेतला एखादा ग्रुप राहिलेला किंवा नुकताच निघालेला, हाताखाली दोन-तीन पोरं, वर एक सर, आणि दोन्हीकडून एकाच वेळी वाजणारा फोन, अशा प्राण्याला आमच्या धंद्यात सिनियर म्हणतात. बड्या कंपन्यांत त्याला इंग्रजी हुद्दे आहेत, ते दर दोन वर्षांनी बदलतात. प्राणी तोच.

आधी आर्टिकलचं पाहू, कारण हालांच्या बाबतीत पहिला दावा त्याचाच. त्याची उमेदवारी पूर्वी तीन वर्षांची असे; १ जुलै २०२३ पासून नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली. पगार नसतो, विद्यावेतन असतं. त्यात बसभाडं निघतं आणि परतीच्या प्रवासाची चिंता उरते. तरी हे पोरगं तसं सुदैवी म्हणायचं. जुन्या काळी इंग्लंडात शिकाऊ कारकुनाच्या बापालाच साहेबाला पैसे मोजावे लागत, पोराला ऑफिसात बसू दिलं म्हणून. आमचं आर्टिकल सकाळी येतं, हिरव्या पेनाने टिका मारतं, बेरजा तपासतं, झेरॉक्स काढतं, आणि टॅलीत कुठली कळ दाबली की काय होतं हे सरांपेक्षा जास्त जाणतं. त्याला राबवून घेतात, खरं आहे. पण त्याच्याजवळ एक असं सुख आहे जे पुढे आयुष्यात कधीच मिळत नाही: त्याला काही येत नाही, हे सर्वांनी आधीच मान्य केलेलं असतं.

माझ्याबरोबरच्या एका पोराने तिथल्या सचिवांना विचारलं होतं, “उन्हाळी धान म्हणजे उन्हात वाळवलेलं का?” पोरगं नागपूरच्या धरमपेठेतलं, त्याने भात आजवर फक्त ताटात पाहिलेला. सचिव हसले नाहीत. त्यांनी त्याला बांधापर्यंत नेलं, पाण्याची पाळी कशी असते ते दाखवलं, खरीप कुठला आणि उन्हाळी कुठला ते समजावलं, आणि येताना रसाचा आंबा हातात दिला. हाच प्रश्न मी विचारला असता तर संध्याकाळपर्यंत अर्जुनीच्या बाजारात बातमी पोचली असती की नागपूरच्या ऑडिटवाल्याला धान कळत नाही. मग आमच्या अहवालातल्या एका शेऱ्यालाही किंमत उरली नसती. माझं आजोळ असूनही सांगतो, मला एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या. नाही विचारल्या. त्या पोराच्या मागे उभा राहून सगळं ऐकून घेतलं आणि मान अशी हलवत राहिलो, जणू तो बरोबर शिकतोय की नाही हे तपासतोय.

आता वरच्या टोकाला जाऊ. सरांना चिंता नाहीत असं कोण म्हणेल? सही त्यांची. आणि २०१९ च्या जुलैपासून नुसती सहीही पुरत नाही. प्रत्येक अहवालावर अठरा अंकी यूडीआयएन क्रमांक हवा, म्हणजे कोणी कशावर सही केली ते सीएंच्या संस्थेच्या दप्तरी कायमचं नोंदलं जातं. सहकारी संस्थेत अफरातफर दिसली तर निबंधकांची परवानगी घेऊन पोलिसांत फिर्यादही लेखापरीक्षकानेच द्यायची, असं तेच कलम ८१ सांगतं. २००९ च्या जानेवारीत सत्यम कंपनीच्या खोट्या बँक-शिलकांचं प्रकरण फुटलं, तेव्हापासून बँकेचं शिल्लक पत्र हातात आलं की सर त्याच्याकडे दुधात माशी शोधावी तसं बघतात. झोप उडावी असं बरंच काही त्यांच्या उशाशी असतं. पण सरांच्या हातात एक गोष्ट आहे. ते नाही म्हणू शकतात. अहवालात शेरा मारू शकतात, शेरा काढू शकतात, क्लायंटला नमस्कार करून फाईल परत देऊ शकतात. भीती आहे, तसा अधिकारही आहे. दोन्ही एकाच माणसाकडे असले की जमाखर्च जुळतो.

सिनियरकडे यातलं काय असतं? न येण्याची मुभा संपलेली असते आणि नाही म्हणण्याचा अधिकार आलेला नसतो. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेचं जसं असतं: किल्ल्या थोरलीच्या कमरेला, लाड धाकटीचे, आणि पाहुणे जेवायला आले की हाक मधलीला. मीठ कमी पडलं तर विचारणाही तिलाच. जेवण छान झालं तर मात्र, “आमच्या घरचं वळणच असं!”

आता गोदामात जाऊ. या भागात आधारभूत किमतीने धानखरेदी होते ती आदिवासी विकास महामंडळाची, आणि प्रत्यक्ष खरेदी करतात गावोगावच्या आदिवासी सहकारी संस्था. शेतकरी सातबारा घेऊन येतो, ग्रेडर धान पाहतो, काटा होतो, चाळीस किलोचा एकेक कट्टा भरून शिवला जातो आणि गोदामात थप्पी लागते. मग राईस मिलवाल्याने भरडाईसाठी उचल करेपर्यंत ते धान तिथेच. कधी लवकर उचलतात, कधी गोदामं तुडुंब भरून कट्टे ताडपत्रीखाली अंगणात येतात. ३१ मार्चला जितकं धान पुस्तकात आहे तितकं जागेवर होतं का, हे ऑडिटवाल्याने पाहायचं. आणि तो पाहायला येतो मे महिन्यात, म्हणजे मधल्या दिवसांतली आवक-जावक उलटी चालवून मागे जायचं.

थप्पी मोजणं ही कला आहे. लांबीला किती, रुंदीला किती, उंचीला किती, करा गुणाकार. माझ्या आर्टिकलने अर्ध्या मिनिटात उत्तर काढलं आणि विजयी मुद्रेने पाहिलं. मी विचारलं, “आतले कट्टे पाहिलेस?” तो थप्पीकडे बघायला लागला. थप्पीत दिसतात ते बाहेरचे कट्टे. पोटातले दिसत नाहीत. पोटात नुसती हवा असली तरी बाहेरून थप्पी तितकीच धडधाकट. “मग काय करायचं, दादा?” पोराने विचारलं. वर चढायचं, हे उत्तर मला माहीत होतं, आणि कोणी चढायचं हेही. आर्टिकल पडलं तर त्याच्या आईचा फोन मला येणार. सर तर नागपुरात. त्या दिवशी ज्या माणसाच्या पँटला धानाचं कूस लागलं आणि आठवडाभर निघालं नाही, तो तुमच्यासमोर हा लेख लिहीत बसला आहे.

ऑडिटवाल्याला थप्पीवर चढवण्याचं पाप तसं केशोरीचं नाही, अमेरिकेचं आहे. १८९६ साली इंग्लंडच्या न्यायालयात किंग्स्टन कॉटन मिलचा खटला गाजला. मिलचा मॅनेजर वर्षानुवर्षं कापूस आणि सूत फुगवून दाखवत होता, ऑडिटरांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला. न्यायाधीशांनी ऑडिटरांना सोडलं: हा राखणीचा कुत्रा आहे, वास काढत फिरणारा शिकारी कुत्रा नाही, त्याने माल मोजत बसायची गरज नाही. हा निकाल आम्ही सगळ्यांनी पाठ केलेला असतो. आपल्याला अखेर कुत्र्याच्या कुठल्या जातीत बसवलं आहे हे कळल्यावर विद्यार्थ्याला जो धीर येतो तो औरच. चाळीस वर्षं ऑडिटवाले त्या निकालाच्या सावलीत सुखाने बसले. मग १९३८ मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स नावाच्या औषध कंपनीचं भांडं फुटलं. ताळेबंदातली सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरची मालमत्ता नुसती कागदावर होती. कॅनडातल्या ज्या गोदामांत माल भरलेला दाखवला होता ती गोदामंच अस्तित्वात नव्हती. कागद सगळे चोख. गोदाम बघायला कोणी गेलं नव्हतं, कारण जायचा रिवाजच नव्हता. तेव्हापासून ठरलं की ऑडिटवाल्याने माल स्वतः उभं राहून पाहायचा. हा नियम फिरत फिरत आपल्या लेखापरीक्षण मानक ५०१ मध्ये आला, आणि तिथून साकोलीमार्गे केशोरीला. मानकात ‘लेखापरीक्षकाने उपस्थित राहावे’ असं आहे. लेखापरीक्षक म्हणजे नेमका कोण, हे प्रत्येक ऑफिस आपापल्या चालीप्रमाणे ठरवतं.

मोजणी झाली. पुस्तकातल्या आकड्याला जागेवरचे कट्टे जुळले, एकही कमी नाही. मग वानगीदाखल काही कट्टे काट्यावर चढवले, आणि प्रत्येक कट्टा चाळिसाच्या आत भरला. मी सचिवांकडे पाहिलं. सचिव साठीला आलेले, खिशात दोन पेनं, एक लिहिणारं आणि एक न लिहिणारं. म्हणाले, “धान सुकते नं जी. घेतलं तवा वलं होतं. कट्ट्यात पानी थोडीच भरून ठेवता येते?”

त्यांचं चूक नव्हतं. खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. हे धान उन्हाळाभर गोदामात राहून १३ टक्क्यांवर आलं, तर क्विंटलमागे साडेचार किलोंहून जास्त वजन कोणीही न चोरता हवेत जातं. हे मी तिथेच कॅल्क्युलेटरवर काढलं: कोरडा भाग ८३ किलो, तो आता ८७ टक्के, म्हणजे शंभराचे झाले ९५ किलो ४०० ग्रॅम. आकडा लहान दिसतो. दहा हजार क्विंटलला तो ४६० क्विंटल होतो, आणि २०२४-२५ च्या २३०० रुपये आधारभूत किमतीने साडेदहा लाखांच्या वर जातो. या घटीपैकी किती मान्य करायची यावर संस्था आणि महामंडळ यांच्यात जुनी ओढाताण आहे. उचल उशिरा झाली तर दोष कुणाचा? धानाचा तर नक्की नाही.

गोदामामागे मोहाचं झाड होतं, रेंज फक्त त्याच्याखाली यायची. सरांचा फोन आला. घट किती? सांगितलं. टक्का काढलास? काढला. सचिव काय म्हणतात? धान सुकतं म्हणतात. मग पलीकडे जरा वेळ गेला आणि सरांनी तो प्रश्न विचारला, ज्यामुळे ही पायरी मी सर्वांत अवघड मानतो.

“तू काय म्हणतोस?”

आर्टिकलला हे कोणी कधी विचारत नाही. सर स्वतःला विचारत असतील, पण त्यांना कोणी घाई करत नाही. हा प्रश्न खास मधल्या माणसासाठी बनवलेला आहे. तुमचं उत्तर बरोबर निघालं तर ते सरांचं मत म्हणून अहवालात जातं. चुकलं तर पुढच्या वर्षी त्याच फाईलवर पेन्सिलीने तुमचं नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह. आणि तरी उत्तर द्यावंच लागतं. एका बाजूला थप्पीवर बसून पाय हलवणारं पोरगं तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतं, कारण या धंद्यात ठाम कसं राहायचं हे ते तुमच्याकडून शिकणार. दुसऱ्या बाजूला सचिव चहा सांगायला गेलेले. कायद्याची पुस्तकं नागपुरात. कपाळावर घाम, अंगाला कूस, आणि वाऱ्यावरून मिरचीचा खाट.

मी म्हणालो, ओलाव्याची नोंद काट्याच्या दिवशीची हवी, ती तपासतो, उचलीची पत्रं पाहतो आणि मग सांगतो. सर म्हणाले, “तेच म्हणत होतो मी.” सरांचं हे वाक्य मी आजही माझ्या सिनियरना ऐकवतो, अगदी त्याच सुरात. त्यांना ते आवडत नाही असं दिसतं.

चहा आला आणि सचिवांशी गप्पा सुरू झाल्या. त्यांची तक्रार ऐकता ऐकता मला वाटलं, हा माणूस आपल्याच पायरीवरचा आहे, फक्त पंचवीस वर्षं आधीपासून. शेतकरी यांना म्हणतो, चुकारा अजून खात्यात का नाही? महामंडळ विचारतं, बारदान्याचा हिशेब कुठे? मिलवाला म्हणतो, उद्या उचलतो. संचालक म्हणतात, सभेत काय सांगायचं ते लिहून द्या. शेवटी ऑडिटवाला येतो आणि विचारतो, कट्टे हलके का? यातला एकही दाणा त्यांनी पिकवला नाही, विकला नाही, खाल्ला नाही. नोंद मात्र प्रत्येक कट्ट्याची त्यांच्या हातची. मी उठताना ते म्हणाले, “तुमी तरी नागपूरले जाता जी.”

ही मधली पायरी तशी जुनीच. मराठेशाहीत किल्ल्याकोटांवर आणि कारखान्यांवर मजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, कारखानीस, पोतनीस असे दरखदार असत. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, कुणा एकाच्या हाती सगळं जाऊ नये अशी ती घडी. हुद्द्यांची आडनावं होऊन आज ती सोसायटीच्या पाट्यांवर झळकतात. पण फडणिसाच्या पुढे बसून रात्री समईच्या उजेडात तेरीज जुळवणारा जो कारकून, त्याच्या हुद्द्याची पाटी मला अजून कुठे दिसली नाही. मला त्याच्याविषयी विनाकारण आपुलकी वाटते.

सिनियरच्या पायरीवर आणखी एक अवघड गोष्ट आहे. स्वतः काम करणं सोपं असतं. दुसऱ्याने केलेलं काम न रागावता तपासणं, त्यातली चूक त्याच्याकडूनच काढून घेणं, आणि हे करताना घड्याळाकडे न बघणं, हे मात्र कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. पोराने मारलेल्या दोनशे टिकांपैकी कुठल्या टिका व्हाउचर पाहून मारल्या आणि कुठल्या जेवणाची वेळ झाली म्हणून, हे टिकेच्या आकारावरून ओळखायला मला बराच काळ लागला. भुकेची टीक जरा तिरपी असते. त्या वेळी दर संध्याकाळी वाटायचं, हे सगळं मी एकट्याने केलं असतं तर तासाभरात संपलं असतं. तसं करणारे सिनियर मी पाहिले आहेत. त्यांची पोरं काही शिकत नाहीत, आणि ते स्वतः रात्री दहाला ऑफिसचं शटर ओढतात.

शहरातल्या बड्या ऑफिसांत हे शटर ओढणंही नशिबी नसतं, दिवे रात्रभर चालू असतात. जुलै २०२४ मध्ये पुण्यात अशाच एका ऑफिसात चार महिन्यांपूर्वी रुजू झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात देशभर वाचलं गेलं. आईने त्यात कामाच्या ओझ्याकडे बोट दाखवलं होतं. आमच्या धंद्यात त्या आठवड्यात प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर हळहळ होती, आणि त्याच गटावर खालोखाल ३० सप्टेंबरच्या मुदतीची आठवणही होती. मला त्या दोन संदेशांतलं अंतर फार कमी वाटलं. मुदतवाढ मिळावी म्हणून आम्ही दरवर्षी सरकारला निवेदनं देतो. आपल्याच टेबलापलीकडच्या माणसाला मुदतवाढ द्यायला निवेदन लागत नाही, अधिसूचना निघावी लागत नाही, हे आमच्या लक्षात येत नाही.

१९४९ सालच्या कायद्याने सीएंची संस्था स्थापन झाली तेव्हा देशात सभासद होते सुमारे १७००. आज ते चार लाखांच्या वर आहेत. यातला प्रत्येक जण कधी तरी दोन फोनांच्या मध्ये उभा होता. गंमत अशी की पायरी ओलांडली की तिचा विसर पडतो. मी सही करायला लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी एका सिनियरला फोनवर विचारलं, “घट किती? टक्का काढलास?” पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. त्यावरून ओळखलं, पोरगं नक्की मोहाच्या झाडाखाली उभं आहे. “तू काय म्हणतोस?” हा प्रश्न ओठांवर आला होता. तो गिळून म्हणालो, “ओलाव्याच्या नोंदी घे, बाकी माझ्यावर सोड.” पलीकडे इतका वेळ शांतता झाली की मला वाटलं रेंज गेली. मग तो म्हणाला, “सर, बरं नाही का वाटत तुम्हाला?”

म्हणून ज्यांच्या हातात सही आहे अशा माझ्या समव्यवसायी मित्रांना एक विनंती आहे. येत्या मे महिन्यात एक दिवस काढा आणि आपल्या सिनियरबरोबर त्याच्या क्लायंटकडे जा. तुमचा क्लायंट केशोरीकडचा नसेल तर जिथला असेल तिथे जा. थप्पीवर चढू नका, वय झालं आहे. सचिवांच्या समोर सिनियरच्या शेजारच्या खुर्चीत बसा, आणि एखाद्या प्रश्नाला तो तुमच्याकडे बघण्याआधी आपणहून म्हणा, “हे मी बघतो.” केशोरीलाही नागपूरहून पहाटे निघालात तर काम आटोपून रात्री घरी याल. त्या दिवसाचा प्रवासखर्च मात्र क्लायंटच्या बिलात लावू नका.